ग्लासाएवढं वर्तुळ

“शहाबादी? ती तर मोरीत घालतात,”
हेमलता म्हणाली. मार्केट यार्डामागच्या वखारीत
मी एकेक फरशी उन्हाकडे तिरकी धरून बघत होतो
आणि वखारवाला माझ्याकडे.
करडा रंग, त्यात किंचित निळं,
पाटीवरचं अक्षर ओल्या बोटानं पुसल्यावर उरतं तसलं.

बिबवेवाडी, तिसरा मजला, लिफ्ट बंद.
शरणप्पानं आणि त्याच्या मेव्हण्यानं
एकशे बारा फरश्या पाठीवरून चढवल्या.
पाण्याची नळी धरून लेव्हल काढली,
बाल्कनीकडे बोटभर ढाळ दिला,
माल पसरला, फरशी टेकवली, रबरी हातोडीनं ठोकली
आणि कान लावला.
डबडब वाजली की उचल, परत माल, परत ठोक.
“पोकळ राहिली तर आज नाही कळत साहेब,
कपाट सरकवाल त्या दिवशी कळतं.”

सात दिवस पाणी. मग इद्रिसचं मशीन,
घरभर राखाडी दूध, भिंतींना गुडघ्यापर्यंत शिंतोडे,
खालच्या टेंभेकरांची तक्रार.
शेवटी फरशीत ट्यूबलाइट दिसली
आणि मी नियम करायला बसलो.

ॲसिड नाही.
लिंबू, चिंच, व्हिनेगर, ताकसुद्धा, सांडलं तर
हातातलं काम टाकून आधी ते पुसायचं.
वाळू तळपायांना चिकटून येते,
म्हणून एक पायपुसणं दाराबाहेर, एक आत.
बादलीत साबण चमचाभर,
फडकं पिळून, पिळून, आणखी पिळून.
चांगुणाबाईंना मी हे दोनदा ऐकवलं.
तिसऱ्यांदा त्यांनीच मला म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं.

पुढच्या वैशाखात खिडकीजवळ दिसलं ते:
ग्लासाएवढं वर्तुळ, फिकट, आंधळं.
“काय ओतलंत इथं?”
त्या काही बोलल्या नाहीत.
महिनाभर रोज तेवढ्या जागेवर
जरा जास्त वेळ बसलेल्या दिसायच्या.
मग पगार घेतला, म्हणाल्या, आंबेगावात
मुलीच्या घराजवळ काम मिळतंय.

इद्रिस आला, उकिडवा बसला, नखानं चाचपलं.
“हा डाग नाही. डाग म्हणजे काहीतरी लागलेलं असतं.
इथं काही लागलेलं नाही, इथलं गेलंय.
आंबटानं दगड खाल्ला. लिंबूपाणी असणार.”

आणि मला ती रात्र आठवली.
धाकट्याचं ऑपरेशन, मिरजेहून फोन यायचा होता,
मी खिडकीशी जमिनीवर,
गार फरशीवर तळवे टेकून बसलेलो,
सरबताचा ग्लास शेजारी, अर्धा, घाम सुटलेला.
पहाटे फोन आला. सुखरूप.
मी तसाच उठून झोपायला गेलो.
सकाळी तो ग्लास उचलला कुणी?
त्यांनीच.
म्हणजे मी विचारलं तेव्हा त्यांना माहीत होतं.

मग एका रविवारी मी गुडघ्यांवर.
पाणी, चारशेचा कागद, आठशेचा, पंधराशेचा,
गोल गोल, घाई नाही,
शेवटी पांढरी पावडर आणि जुन्या शर्टाची बाही.
वर्तुळ गेलं.
गेलं, पण ती जागा आता बाकीच्या फरशीहून उजळ.
संध्याकाळचं ऊन आत आलं की
आधी तिथंच थांबतं.
पाहुणेही विचारतात, इथं काय होतं?

“आता सगळी खोली तेवढी घास,” हेमलता म्हणाली,
चेष्टेनं. मी खरंच सुरुवात केली.
दर रविवारी दोन फरश्या, कधी अडीच.
मनगट दुखतं. खालून टेंभेकर विचारतात, काय चाललंय वर.

चांगुणाबाईंचा नंबर हिच्या फोनमध्ये आहे.
मी अजून
भिंतीकडच्या पहिल्याच ओळीत.